वाचकांचे प्रश्न : एक प्रेमपट, चार देश, चार तारखा

मागच्या अंकात रॉमकॉम, म्हणजे हलक्याफुलक्या प्रेमपटांवर मजकूर होता. हे सिनेमे वेगवेगळ्या देशांत कसे लागतात आणि त्यांचा गाजावाजा कसा होतो, याबद्दल विचारायचं असेल तर लिहा, असंही त्याखाली छापलं होतं. पत्रं बहुतेक इंदूरची आहेत, थोडी बडोद्याची. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला असते, मुलगा न्यू जर्सीला. २०२५च्या फेब्रुवारीत ‘ब्रिजेट जोन्स’ या इंग्रजी प्रेमपटमालिकेचा नवा भाग मुलीने थिएटरात तिकीट काढून पाहिला आणि मुलाने त्याच आठवड्यात घरी, सोफ्यावर. असं कसं? (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : सिनेमाचे हक्क देशवार असतात आणि प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा मांडला जातो. युनिव्हर्सलने हा भाग ब्रिटन आणि इतर बऱ्याच देशांत थिएटरात लावला. अमेरिकेत मात्र तो १३ फेब्रुवारीला थेट पीकॉकवर दिला, म्हणजे आपल्याच घरच्या ओटीटीवर. याचं कारण आधीच्या भागाच्या आकड्यांत सापडतं. २०१६चा तो भाग जगभरात २० कोटी डॉलरच्या वर गेला, पण त्यात अमेरिकेचे अडीच कोटीही नव्हते. ब्रिजेट ब्रिटनला घरच्या मुलीसारखी आहे, तिथे मैत्रिणींचे घोळकेच्या घोळके जातात. अमेरिकेत दोन-तीन हजार पडदे धरायचे तर देशभर जाहिरात करावी लागते, आणि तो खर्च तिकीट खिडकीतून निघेल याची खात्री नव्हती.

प्रश्न : चांगला मराठी प्रेमपट पुण्यात चार आठवडे चालतो. आमच्याकडे मात्र सकाळी साडेनऊचा एकच शो, तोही पुढच्या शुक्रवारी गायब. बडोद्याच्या नणंदेला तोच सिनेमा संध्याकाळी मिळतो. हे ठरवतं कोण? आम्ही काही करू शकतो का? (लोकमान्यनगर आणि रामबाग, इंदूर, अशाच आशयाची आणखी पत्रं)

उत्तर : आधी नणंदेचं. भारतात सिनेमाचे वितरण हक्क राज्याच्या हद्दीनुसार जात नाहीत, ते जुन्या सर्किटांप्रमाणे, म्हणजे धंद्याने पाडलेल्या विभागांप्रमाणे विकले जातात. मुंबई सर्किटमध्ये मुंबई, कोकण, पश्चिम महाराष्ट्र यांच्या जोडीला गुजरातही येतो. त्यामुळे बडोदं मराठी निर्मात्याच्या पहिल्याच सौद्यात आपसूक बसतं. नागपूर-विदर्भ सीपी बेरार सर्किटमध्ये, मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. ही तीन सर्किटं धरली की निर्मात्याचा महाराष्ट्र झाला. इंदूर पडतं सेंट्रल इंडियात, ज्याला धंद्यात सगळे ‘सीआय’ म्हणतात. इंदूरसाठी निर्मात्याला वेगळा वितरक आणि वेगळा सौदा लागतो, आणि तोही मराठी प्रेक्षकांची वस्ती असलेल्या दोन-चार शहरांसाठी. गंमत अशी की ज्या संघटनेच्या कक्षेत सीआय येतं, त्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्य कार्यालय आहे भुसावळला!

आता शोचं. मल्टिप्लेक्सचा शोतक्ता शनिवार-रविवारचे आकडे पाहून सोमवार-मंगळवारी हलायला लागतो आणि बुधवारपर्यंत पक्का होतो. आपली सवय अशी की पहिल्या आठवड्यात ‘पाहू रविवारी’ म्हणायचं आणि दुसऱ्या आठवड्यात सहकुटुंब निघायचं. तोवर तक्ता बदललेला असतो. मराठी प्रेक्षक येत नाही असं थिएटरवाला म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. प्रेक्षक येतो, पण उशिरा.

पैशांचं गणित असं. १५० रुपयांच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी. साठ माणसं आली तर गल्ला ९,०००, कर वजा जाता साधारण ७,६२७. मल्टिप्लेक्सशी २००९ साली झालेल्या वाटणीच्या सूत्रानुसार वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के मिळतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात एका शोचे ३,८०० च्या आसपास. त्यातूनच पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाचं भाडं जातं. आठवडाभर एकच शो असेल आणि त्यात वीस-वीस माणसं बसत असतील, तर वितरकाच्या हातात फारसं काही उरत नाही. पुढच्या सिनेमाच्या वेळी तो इंदूर सोडूनच देतो.

करता येण्यासारखं बरंच आहे. १०० रुपये किंवा त्याहून कमी तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच जीएसटी आहे. ९० माणसं १०० रुपयांत बसवली तरी गल्ला तोच ९,०००, पण कर वजा जाता ८,५७१ उरतात. साठांऐवजी नव्वद माणसं, वर साडेनऊशे रुपये जास्त, शिवाय भरलेलं थिएटर. (स्थानिक कर असेल तर तो वेगळा धरा.) म्हणून मंडळाने सामूहिक शो मागताना १५० रुपयांत घासाघीस करत बसू नये, थेट १०० रुपयांचा शोच मागावा.

मागायचा कसा? पहिला फोन थिएटरला नको. थिएटरवाला स्वतःच्या मर्जीने सिनेमा लावू शकत नाही, त्या पडद्यासाठी वितरकाची मंजुरी आणि सिनेमा उघडण्याची डिजिटल किल्ली लागते. पोस्टरवर किंवा ट्रेलरच्या शेवटी वितरकाचं नाव असतं, तिथे आधी विचारा. मग थिएटर व्यवस्थापकाकडे मंगळवारच्या आत दिवस, वेळ आणि हमीची माणसं लेखी द्या. ‘शंभर-दीडशे येतील’ असं मोघम लिहू नका. हमी ८० ची द्या, आगाऊ पैसे ८० चे भरा आणि वरची तिकिटं काउंटरवर सुटू द्या. रविवार संध्याकाळ मिळणार नाही. शनिवारी किंवा रविवारी सकाळी अकराची वेळ मागून पाहा, ती बऱ्याचदा मिळते.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम देण्याचा आदेश निघाला होता. तो दाखवून इथे भांडण्यात अर्थ नाही. मध्य प्रदेशात तो लागू होत नाही.

प्रश्न : इंग्रजी प्रेमपटांच्या तारखांत संगती दिसत नाही. काही मायदेशाआधी परदेशात लागतात, काही महिनोन्‌महिने रेंगाळतात. मारधाडीचे सिनेमे मात्र जगभर एकाच शुक्रवारी. (ओल्ड पलासिया, इंदूर)

उत्तर : मारधाडीच्या सिनेमाला गुपित फुटण्याची आणि चोरट्या प्रतींची भीती असते, म्हणून सगळीकडे एकदम. रॉमकॉमचा शेवट पोस्टरवरूनच कळतो, त्यात फुटायचं काय? तो चालतो एकीने दुसरीला सांगितल्यावर, आणि सांगोवांगीला वेळ द्यावा लागतो.

‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्यूनरल’ हा पक्का ब्रिटिश सिनेमा, पण मार्च १९९४ मध्ये तो आधी अमेरिकेत लागला, तोही जेमतेम पाच थिएटरांत. चर्चा वाढेल तसे पडदे वाढवले. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेल्यावर, तेच बिरुद मिरवत मे महिन्यात तो लंडनला आला. पुण्यात गाजलेलं नाटक इंदूरला आणताना जाहिरातीत आधी पुण्याचे प्रयोग मोजतात, त्यातलाच प्रकार. २०२२ च्या ‘टिकेट टू पॅराडाइज’ने उलट केलं. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबरात, अमेरिकेत २१ ऑक्टोबरला. मोठ्या वयाच्या प्रेक्षकाचा सिनेमा होता, आणि अमेरिकेत पोचेपर्यंत बाहेरची कमाई सांगायला तयार होती.

सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’चं. खर्च ५० लाख डॉलर. एप्रिल २००२ मध्ये शंभराच्या आसपास थिएटरांत लागला आणि अमेरिकेत २४ कोटींच्या वर गेला. आठवड्याच्या यादीत मात्र एकदाही पहिला आला नाही! पहिल्या शनिवार-रविवारी निकाल लावणारा वितरक असता तर हा सिनेमा पंधरा दिवसांत उतरला असता. २०२३ च्या ‘एनीवन बट यू’चंही तसंच. २२ डिसेंबरला लागला, पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत फक्त ६० लाख डॉलर. दुसऱ्या शनिवार-रविवारी आकडा उतरायचा तो चढला, कारण प्रेक्षक सिनेमातल्या गाण्यावर थिएटरातच नाचून स्वतःचे व्हिडिओ टाकत होते. अडीच कोटींच्या सिनेमाने जगभरात २२ कोटी काढले.

उशीर नेहमीच फळतो असं मात्र नाही. ‘क्रेझी रिच एशियन्स’ अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये लागला आणि तिथे १७ कोटींच्या पुढे गेला. चीनमध्ये लागायला ३० नोव्हेंबर उजाडला. तोवर ज्यांना पाहायचा त्यांनी इकडून तिकडून पाहिला होता, आणि सिंगापूरच्या श्रीमंत चिनी घराण्याचं जे अप्रूप अमेरिकेला होतं ते चीनला नव्हतं. सिनेमा आपटला. चीनमध्ये तारीख आपल्या हातात नसते. उत्पन्नात वाटा घेणाऱ्या परदेशी सिनेमांचा कोटा तिथे २०१२ पासून वर्षाला ३४ आहे, परदेशी स्टुडिओला गल्ल्याच्या २५ टक्के मिळतात आणि तारीख सरकारी यंत्रणा देते. प्रेमपटाला तिथे सोन्यासारखे तीन दिवस आहेत : १४ फेब्रुवारी, ऑगस्टच्या आसपास येणारा छीशी सण आणि २० मे. शेवटचा का? चिनीत ५-२-० हे आकडे भरभर म्हटले की ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’सारखे ऐकू येतात.

आपल्याकडे १४ फेब्रुवारीचा मोह निर्मात्यांनी जरा आवरावा. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असतात, घरातला एक जण अभ्यासाला बसला की चौघांचं जाणं रद्द होतं. कॉलेजच्या प्रेमकथेला जून-जुलै बरा.

प्रश्न : फ्रान्समध्ये सिनेमा बुधवारी लागतो म्हणे? (बडोदं)

उत्तर : हो. फ्रान्स आणि कोरियात बुधवार, जर्मनी, इटली आणि ऑस्ट्रेलियात गुरुवार, आपल्याकडे, ब्रिटन आणि अमेरिकेत शुक्रवार. फ्रान्सची आणखी एक गंमत : २०२० पर्यंत तिथे टीव्हीवर सिनेमाची जाहिरात करायलाच बंदी होती. त्यामुळे भुयारी रेल्वेची स्टेशनं आणि बसथांब्यांवरचं पोस्टर यांना तिथे भलतंच महत्त्व. थिएटरनंतर ओटीटीवर यायलाही कायद्याने अंतर ठेवावं लागतं. २०२२ च्या करारात नेटफ्लिक्ससाठी ते १५ महिने ठरलं.

प्रश्न : आमचा गट मराठी प्रेमपट करतो आहे. परदेशासाठी नाव बदलावं का? (विजयनगर, इंदूर)

उत्तर : बदलणारे बेधडक बदलतात. ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ जपानमध्ये ज्या नावाने लागला त्याचा अर्थ ‘प्रेमिकांना लागलेली चाहूल’. ‘द हॉलिडे’ला जर्मनांनी ‘प्रेमाला सुट्टी लागत नाही’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि ‘अ‍ॅनी हॉल’चं नाव तिथे ‘शहरी मनोरुग्ण’ अशा धाटणीचं झालं. फ्रान्समध्ये तर इंग्रजी नाव काढून दुसरं इंग्रजी नाव लावतात : ‘सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक’ तिथे ‘हॅपिनेस थेरपी’ होता. कारण सोपं आहे. पहिल्या नावातला वाक्प्रचार फ्रेंच माणसाला कळत नाही, दुसऱ्यातले दोन्ही शब्द कळतात.

तुम्ही मात्र बदलू नका. तुमचा परदेशातला प्रेक्षक निदान सुरुवातीला मराठीच असणार, आणि तो मराठी नावानेच शोधेल. काळजी घ्यायची ती रोमन स्पेलिंगची. सेन्सॉर प्रमाणपत्र, पोस्टर, तिकीटविक्रीचं अ‍ॅप, गाण्याचा व्हिडिओ, सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा. नावात ‘ळ’, ‘ण’ किंवा ‘च’ असेल तर चार जण चार तऱ्हेने लिहितात. मग ट्रेलरचे प्रेक्षक एकीकडे आणि तिकिटं दुसरीकडे.

प्रश्न : इंग्रजी सबटायटल करून घेतली. ओळखीच्या अमराठी मंडळींना दाखवली तर कोणी हसेचना. वाक्यांचं भाषांतर तर चोख आहे. (विजयनगरचाच गट)

उत्तर : चोख आहे हीच अडचण असू शकते. आधी मापं तपासा. एका वेळी दोन ओळी, ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, वाचनाचा वेग सेकंदाला २० अक्षरांच्या आत. म्हणजे दोन सेकंदांत म्हटलेल्या वाक्याला ४० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. सबटायटल सेकंदाच्या पाच-षष्ठांशापेक्षा कमी वेळ नको आणि सात सेकंदांपेक्षा जास्त नको. मराठी संवाद वेगाने बोलला जातो, त्यामुळे तीन शब्द गाळावे लागणारच. कोणते गाळायचे हे ठरवण्यातच खरं कसब आहे.

विनोद आधीच फोडणं ही सर्वांत मोठी चूक. नट म्हणतो, ‘मी तुझ्यासाठी सगळं सोडायला तयार आहे’, मग थांबतो, मग ‘फक्त रविवारचे पोहे नाही’. दोन्ही तुकडे एकाच सबटायटलमध्ये दिले की प्रेक्षक पोहे आधीच वाचून मोकळा होतो आणि नट बोलतो तेव्हा हशा निघून गेलेला असतो. दुसरा तुकडा नटाच्या तोंडून शब्द निघेल त्याच फ्रेमला यायला हवा.

तू-तुम्हीचं काय करणार? नायिका तीन प्रसंग ‘तुम्ही’ म्हणते, चौथ्यात तिच्या तोंडून ‘तू’ निसटतो, आणि मराठी थिएटर खिदळतं. इंग्रजीत दोन्ही ‘यू’. इथे सर्वनामाचा हट्ट सोडून हाका बदला : तीन प्रसंग ‘मिस्टर काळे’, चौथ्यात ‘अनिकेत’. तोच हशा मिळतो. कांदेपोह्यांचंही तसंच. ‘उद्या तिच्याकडे कांदेपोहे आहेत’ याचं भाषांतर पदार्थाच्या नावाने केलं तर परक्याला वाटेल न्याहारीचं बोलणं चाललंय. (इंदूरच्या माणसाला मराठी कळूनही तसंच वाटू शकतं, आपल्याकडे पोहे रोजचेच!) तिथे पदार्थ टाका आणि ‘स्थळ पाहायला येणार’ हा अर्थ द्या. माळवी-हिंदी मिश्रित बोली असेल तर वाकडंतिकडं इंग्रजी लिहून ती दाखवायला जाऊ नका. पात्र अडाणी वाटतं, गमतीशीर नाही.

हशानंतरचं वाक्यही महत्त्वाचं. भरल्या थिएटरात ते ऐकू येत नाही, म्हणून त्याचं सबटायटल अर्धा-पाऊण सेकंद जास्त रेंगाळू द्या. पांढऱ्या अक्षरांना बारीक काळी कड हवीच, लग्नाच्या प्रसंगात टोप्या, सदरे, मंडप सगळं पांढरं असतं.

तांत्रिक घोटाळा बहुतेक वेळा फ्रेमगतीचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा. सबटायटल २३.९७६ फ्रेमच्या प्रतीवर बसवलं आणि थिएटरची प्रत २४ ची निघाली, तर दोन तासांच्या सिनेमात शेवटी सात सेकंदांचा फरक पडतो. सुरुवात तपासणाऱ्याला तो दिसतच नाही. २५ ची प्रत २४ ने चालली तर फरक पाच मिनिटांचा. म्हणून नेहमी शेवटची दहा मिनिटं तपासा. देवनागरी सबटायटल द्यायचं असेल तर ते चित्रावरच कायमचं उमटवून घ्या. वेगळ्या फाइलमधून देवनागरी दाखवताना काही थिएटर सर्व्हर जोडाक्षरं मोडतात आणि वेलांट्या भलत्याच जागी टाकतात.

प्रश्न : प्रत्येक नवा नट इंदूरला येऊन छप्पन दुकानवर काहीतरी खातो आणि फोटो काढतो. त्याने तिकिटं खपतात का? (राजवाडा परिसर, इंदूर)

उत्तर : तिकीटविक्री सुरू झालेली असेल तर थोडी. पंधरा दिवस आधीची गर्दी फुकट जाते, कारण त्या दिवशी घ्यायला तिकीटच नसतं. परदेशात याचीच धंदेवाईक आवृत्ती असते : हॉटेलची एक खोली, दोन खुर्च्या, मागे पोस्टर, आणि प्रत्येक पत्रकाराला चार-पाच मिनिटं. रॉमकॉमला हे इतरांपेक्षा जास्त लागतं, कारण विकायची असते ती जोडी, आणि ती एकत्र दिसल्याशिवाय विकली जात नाही. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या नटांचा संप १४ जुलै ते ९ नोव्हेंबर चालला आणि त्यात प्रसिद्धीलाही मनाई होती. वर उल्लेख आलेला डिसेंबरचा ‘एनीवन बट यू’ संप मिटल्यावर लागला, म्हणून त्याच्या जोडीला मुलाखती देता आल्या.

प्रश्न : लेस्टरच्या नातेवाइकांना तिथल्या मंडळासाठी आमच्या सिनेमाचा एक शो लावायचा आहे. पेन ड्राइव्हवर पाठवला तर चालेल? (पुन्हा विजयनगर. हा गट पाठपुरावा सोडत नाही, चांगलं आहे.)

उत्तर : सभागृहात प्रोजेक्टर लावून दाखवणार असाल तरी परवानगी हवी, आणि खऱ्या थिएटरात तर पेन ड्राइव्ह चालणारच नाही. क्रम असा ठेवा. आधी परदेशाचे हक्क कोणाकडे आहेत ते करारात पाहा. ते एखाद्या वितरकाला किंवा ओटीटीला दिले असतील तर त्यांचं पत्र लागेल. मग प्रमाणपत्र : आपल्या सेन्सॉरचं यूए १३+ ब्रिटनमध्ये ग्राह्य नाही. तिथे बीबीएफसीचं, म्हणजे तिथल्या सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र किंवा स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. एका शोसाठी कौन्सिलचा मार्ग धरावा, पण अर्ज काही आठवडे आधी करावा. ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, दुबई, प्रत्येकाचे नियम वेगळे. अमेरिकेत प्रमाणपत्राची कायदेशीर सक्ती नाही.

थिएटरशी सौदा दोन प्रकारे होतो : गल्ल्यात वाटा, किंवा ठोक भाडं भरून सगळी तिकिटं तुमची. शंभर जणांची खात्री असेल तर भाडं परवडतं, नसेल तर वाटा बरा.

मग सिनेमाची डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी डिजिटल प्रत, आणि तिची किल्ली, म्हणजे केडीएम. ही किल्ली त्या थिएटरच्या त्या एका सर्व्हरपुरती आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. म्हणून पडदा क्रमांक बदलला तर नवी किल्ली मागवावी लागते. घोटाळा होतो तो वेळेच्या हिशेबात. किल्ली ‘शनिवार रात्री ११.५९ पर्यंत’ अशी भारतीय वेळेने बनली, तर लेस्टरला उन्हाळ्यात ती संध्याकाळी ७.२९ ला संपते. साडेसातच्या शोला लोक आत बसलेले, आणि सर्व्हर सिनेमा उघडायला नकार देतो. किल्ली मागताना थिएटरची स्थानिक वेळ लिहा, आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंतची मुदत घ्या, आणि आदल्या दिवशी थिएटरला पहिली दोन आणि शेवटची दोन मिनिटं चालवून पाहायला सांगा. किल्ली बनवणाऱ्याचा रात्री लागणारा फोन नंबर लेस्टरवाल्यांकडे देऊन ठेवा. त्यांच्याकडे शनिवारची संध्याकाळ असेल तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र झालेली असते.